पाचवा त्रिग

स्तीनाने दार उघडलं, तर दारात तिच्या मेलेल्या नवऱ्याचा कोट उभा.

कोटाच्या आत माणूस दुसरा होता, हे तिला दिसलं, पण जरा उशिरा. निळं कापड, पितळी बटणं, उजव्या कोपराला तिच्याच हातचं ठिगळ. ईसाकला मातीत ठेवून पुरते सहा आठवडेसुद्धा झाले नव्हते.

"बाह्या आखूड होतायत," कोटातला माणूस म्हणाला. "योन-पेत्तर म्हणाले, तुम्ही उसवून वाढवून द्याल."

"आणि तू कोण म्हणायचा?"

"त्रिग."

"त्रिग मेला," स्तीना म्हणाली.

"हो ना. म्हणून तर मी."

आता यात त्या बापड्याचं काय चुकलं? काही नाही. एकेरिदमध्ये हे असंच चालायचं. चार शेतकऱ्यांनी मिळून राजाला एक शिपाई द्यायचा. त्याला राहायला लहानसं लाकडी घर, बटाट्यापुरती जमीन आणि अंगावर कोट. नाव द्यायचा कप्तान. कारण आईबापांनी दिलेली नावं घेऊन ही माणसं पलटणीत गेली की पंचाईत व्हायची. "स्वेन्सन!" म्हणून हाक मारली की पंधरा जण पुढे यायचे, "मॅग्नुसन!" म्हटलं की उरलेले. म्हणून मग छोटी, खणखणीत नावं. रास्क म्हणजे चपळ. मूदिग म्हणजे छातीचा. स्तोल म्हणजे पोलाद. आणि एकेरिदच्या एक्केचाळीस नंबरच्या घराला मिळालं त्रिग. म्हणजे भरवशाचा, ज्याच्यावर डोळे मिटून विसंबावं असा.

घराला मिळालं म्हणते मी, माणसाला नाही. शिपाई मेला किंवा म्हातारा होऊन सुटला की कोट ठेवायचा, बंदूक ठेवायची, घर ठेवायचं आणि नावही ठेवून जायचं. पुढचा येणार तो त्रिग. पहिला त्रिग लढाईत गेला, दुसरा तापाने गेला, तिसरा वय झाल्यावर सुटला, चौथा आमच्या स्तीनाचा ईसाक. आणि दुसऱ्या पलटणींतल्या घरांनाही हेच नाव असायचं, म्हणून तर या मुलखात पंचवीस त्रिग भेटतील आणि पंचवीस जणांचं रक्त पंचवीस गावांचं असेल. एकमेकांच्या लग्नाला जेवायलासुद्धा बोलवायचे नाहीत!

तर हा पाचवा. जन्माचा एलोफ मॅग्नुसन, तीन गावांपलीकडचा, वय एकोणतीस, चेहरा उकडलेल्या बटाट्यासारखा साधा. स्तीनाने त्याला आत घेतलं, कोट काढायला लावला आणि बाह्या उसवता उसवता तिरक्या नजरेने बघत राहिली. हा वर बघतोय. आढ्याकडे. मग चुलीकडे. मग त्या कपाटाकडे, ज्याच्या दारावर शेपट्या एकमेकींत अडकलेले दोन पक्षी कोरले होते. ईसाकने कोरलेले. ती नवरी होऊन आली तेव्हा कपाट तयारच होतं, आणि सोळा वर्षं दर शनिवारी ते पक्षी ती ओल्या फडक्याने पुसत होती.

घर मापतोय मेला, ती मनात म्हणाली.

मापलं तरी हक्काचंच होतं त्याचं. चौदा मार्च हा आमच्याकडे बिऱ्हाडं हलवायचा दिवस. त्या दिवशी विधवेने गाय घेऊन बाहेर पडायचं आणि नव्या शिपायाने आत यायचं. स्तीना एकोणचाळीस वर्षांची, पोटी मूलबाळ नाही, भाऊ होता तो जहाजात बसून अमेरिकेला गेला तो गेलाच. चौदा मार्चनंतर ती कुठे जाणार, हे तिला कोणी विचारत नव्हतं, कारण उत्तर सगळ्यांना माहीत होतं. गावच्या निराधारांच्या घरात, भिंतीकडेच्या बाकावर.

आणि हा एलोफ तोवर राहायचा योन-पेत्तरच्या, म्हणजे त्या चार शेतकऱ्यांतल्या एकाच्या, गोठ्यावरच्या खोलीत. पण रोज सकाळी हजर स्तीनाच्या अंगणात! कधी लाकडं फोड, कधी छपरावरचा बर्फ खाली ओढ. बोलणं नाही, मागणं नाही.

शेजारीण ब्रीता, जिला दुसऱ्याच्या घरचा धूर बघून आत काय शिजतंय ते कळायचं, ती खिडकीशी येऊन उभी राहिली. "अगं, तो लाकडं कुणासाठी फोडतोय?"

"स्वतःसाठी. मार्चात तोच राहणार इथे."

"मग रोजची तुझ्या चुलीपाशी का आणून ठेवतो?"

"तेच तर मला कळत नाही!"

"लोणी कुठे ठेवतेस?"

"पलंगाखाली."

"आता जागा बदल," ब्रीता म्हणाली.

डिसेंबरात तो तीन आठवडे कवायतीला गेला. परत आला तो जानेवारीत एके दिवशी खारवलेले हेरिंग मासे घेऊन आत येऊन बसला. टोपी गुडघ्यावर ठेवली, मग काढली, मग पुन्हा ठेवली.

"स्तीनाबाई, तुमच्याकडे गाय आहे. माझ्याकडे घर येतंय. गायीला घराबाहेर काढायची मला लाज वाटते."

"गायीला?"

"गायीपासून सुरुवात केली," एलोफ म्हणाला आणि कानापर्यंत लाल झाला.

दुसरी कुणी असती तर विरघळली असती. स्तीनाचं डोकं भलतीकडेच धावलं. एकोणतिशीचा माणूस, घर फुकट मिळतंय, जवान पोरींना नाही म्हणायला कारण नाही, आणि हा माझ्यामागे का? काहीतरी आहे. गाय? गाय बारा वर्षांची. माझे केस? ते गायीपेक्षा पांढरे. ती रात्रभर जागली, सकाळी ब्रीताकडे गेली, ब्रीताला तर एक नाही, सात कारणं सुचली आणि एकही चांगलं नव्हतं. तरी स्तीना हो म्हणाली. घरासाठी म्हणाली, खोटं कशाला बोलू? पण एक डोळा उघडा ठेवून म्हणाली.

लग्नाआधी तीन रविवार पाद्री चर्चमध्ये नावं पुकारतो. कोणाची हरकत असेल तर सांगा. पहिला रविवार गेला. दुसरा गेला. बुधवारी पाद्रीबाबांचा निरोप आला की दोघंही ताबडतोब या.

पाद्रीबाबा नवे होते, वर्षभरापूर्वी आलेले, पुस्तकातच वाढलेले, हात कोवळे. टेबलावर एक पत्र होतं आणि शेजारी गोणपाटात गुंडाळलेलं काहीतरी लांब.

"मीरहुल्तच्या पाद्रींचं पत्र आहे," ते म्हणाले. "फेरीवाल्याने तिकडे बातमी नेली, इथला शिपाई त्रिग लग्न करतोय. तिथे हेद्दा नावाची बाई आहे. ती म्हणते, शिपाई त्रिग, क्रमांक एक्केचाळीस, याने तिला लग्नाचं वचन दिलंय. आणि हा पुरावा."

त्यांनी गोणपाट उलगडलं. आत जवसाच्या काड्या झोडायची लाकडी सुरी होती. आमच्याकडे पोरगी पसंत केली की पुरुष ती स्वतः कोरून देतो, आणि घेतली की झालं, बोलणी पक्की. मुठीपाशी कोरलं होतं: त्रिग, ४१. आणि पात्यावर दोन पक्षी. शेपट्या एकमेकींत अडकलेले.

स्तीनाने सुरी हातात घेतली.

"एलोफ," पाद्रीबाबा म्हणाले, "डिसेंबरात कवायतीला गेलास तो मीरहुल्तवरूनच ना?"

"हो."

"मग?"

"मी कुणालाही वचन दिलेलं नाही."

"मग हे कुणी कोरलं?"

एलोफने पक्ष्यांकडे बघितलं, मग स्तीनाकडे, आणि खाली बघत म्हणाला, "मला नाही सांगता येत."

पाद्रीबाबांना जवस कशाशी खातात ते माहीत नव्हतं, पण स्तीनाचा जन्म जवस झोडण्यात गेला होता. मूठ गुळगुळीत, लाकूड तेलकट काळं, पात्याची धार झिजून लाटेसारखी झालेली. ही सुरी दोन महिन्यांची नव्हती. वर्षानुवर्षं कुणाच्या तरी हातात फिरली होती. म्हणजे एलोफ सुटला. आणि अडकला कोण? तिचा ईसाक. तीन उन्हाळे सरोवरापलीकडच्या किल्ल्याच्या बांधकामावर गेला होता तो, आणि वाट मीरहुल्तचीच.

तोंड उघडायचं आणि म्हणायचं, पाद्रीबाबा, हे पक्षी माझ्या कपाटावर आहेत. एवढंच. एलोफ मोकळा, तिसरा पुकार होईल, घर राहील. पण मग उद्यापासून ब्रीताच्या तोंडी, सगळ्या गावाच्या तोंडी: कसला भरवशाचा, दोन बायकांना एकच पक्षी देणारा! आणि तो बिचारा चर्चच्या मागे मातीत, उत्तर द्यायला उठून येणार नाही.

ती गप्प बसली.

"मिटेपर्यंत तिसरा पुकार होणार नाही," पाद्रीबाबा म्हणाले. चौदा मार्चला सतरा दिवस उरले होते.

घरी येऊन तिने कपाटाकडे पाठ करून बार्लीची पेज खाल्ली. मनाला नाना तऱ्हेने समजावलं. एलोफने जुनी सुरी विकत घेऊन कोरली असेल. हो, त्याने पक्षी बघितलेच होते की इथे! देवा, तोच लबाड निघू दे, ती म्हणाली. आणि मग तिच्या लक्षात आलं की आपण आपल्याच डोक्यावरचं छप्पर काढून घ्यायला देवाला सांगतोय.

शुक्रवारी उजाडल्याबरोबर ती योन-पेत्तरकडे घोडा आणि घसरगाडी मागायला गेली. गाडी जोडून तयार होती आणि लगाम धरून एलोफ बसलेला.

"कुठे?" तिने विचारलं.

"मीरहुल्त. तुम्ही?"

"ते तुला काय करायचंय?" असं म्हणून ती चढून बसली.

तीन तासांची वाट. दोघांच्या मध्ये तिने मुद्दाम भाकरीची पिशवी ठेवली होती. अर्ध्या वाटेवर तिच्याने राहवेना.

"परवा तू तोंड का नाही उघडलंस? कपाट तू बघितलंयस. पक्षी ओळखलेस तू."

"ओळखले."

"मग?"

"मेलेल्या माणसाचा कोट घालून त्याच्यावरच आळ कसा घेऊ?" एलोफ म्हणाला. थोडं अंतर गेल्यावर त्याने पुढे जोडलं, "पण तुम्हीही गप्प बसलात. मला वाटलं होतं, तुम्ही बोलाल. आता खरं सांगू? तेव्हापासून मला तुमचाच संशय येतोय. मला सोडायला निमित्त हवं होतं की काय."

स्तीनाच्या आयुष्यात तिच्यावर कोणी संशय घेतला नव्हता, ते काम तिचं. ती इतकी चकित झाली की तिने मधली पिशवी उचलून मांडीवर घेतली.

हेद्दाचं घर गावाच्या टोकाला. दार उघडणारी बाई पंचेचाळिशीची, हात पुरुषासारखे, नजर सुईसारखी.

"त्रिग कोण?" तिने विचारलं.

"मी," एलोफ म्हणाला.

हेद्दाने त्याला वरपासून खालपर्यंत बघितलं, मग खालपासून वर. "तू? मला त्याने सुरी दिली तेव्हा तू दुधाच्या दातांनी पाव चावत असशील! अरे देवा. मी पाद्रींना म्हटलं होतं, नीट चौकशी करा. पण ते म्हणाले, रविवार जवळ आलाय, पत्र लगेच गेलं पाहिजे."

"किती वर्षं झाली?" स्तीनाचा आवाज तिचा तिलाच ओळखू आला नाही.

"वीस होतील या उन्हाळ्यात."

वीस! ईसाक त्रिग झाला त्याला अठरा. स्तीना तिथल्या तिथे बाकावर बसली. "कसा होता दिसायला?"

"दिसायला काय, काही नाही. वरच्या ओठावर चामखीळ. हसायचा कधी नाही. स्तोत्र म्हणायला लागला की चर्चच्या काचा हादरायच्या."

"साक्रिस!" स्तीना ओरडली. "अगं बाई, साक्रिस!"

"साक्रिस कोण?"

"तुझा त्रिग! तिसरा! तू त्याचं नाव नाही विचारलंस?"

"विचारलं होतं. म्हणाला, आईबापाने दिलेलं नाव गल्लीगल्लीत आहे, पलटण त्रिग म्हणते, तूही तेच म्हण. म्हणाला, सुटका झाली की येतो. मग मी शोधत बसले. कोणीही शिपाई वाटेने गेला की विचारायची, त्रिग कुठाय? सगळे म्हणायचे, आहे की, एकेरिदला, मजेत आहे, बायको केली. मी म्हटलं, केली तर केली, जळो मेला. आणि आता फेरीवाला सांगतो, त्रिगचं पुन्हा लग्न! किती बायका करतो हा माणूस, म्हटलं. या वेळी सोडायचा नाही."

एलोफ खाली मान घालून हसत होता. स्तीना हसत नव्हती. तिच्या डोक्यात वेगळंच चाललं होतं. "आणि ते पक्षी?"

"ते त्याने घरच्या कपाटावरही कोरले होते म्हणे. मी नांदायला आले की बघीन, असं ठरलं होतं."

"सोळा वर्षं," स्तीना हळू म्हणाली. "सोळा वर्षं मी ते पक्षी पुसतेय. ईसाक, किती सुंदर कोरलेस रे, असं मी म्हटलं होतं लग्नाच्या दिवशी. आणि तो नुसता मान हलवून उभा राहिला, मेला लबाड!"

हेद्दाने कॉफी टाकली. तिघांनी पुष्कळ प्यायली. मग हेद्दाने शाल घेतली. "चल. मलाही त्याचं तोंड बघायचंय. दात आहेत का?"

"तीन," स्तीना म्हणाली. "बहिणीकडे राहतो, गिरणीपाशी. साक्रिस डॅनिएलसन म्हणवतो आता."

शनिवारी पाद्रीबाबांच्या खोलीत पाच माणसं दाटीवाटीने बसली. साक्रिसला त्याच्या बहिणीने अक्षरशः बाहीला धरून आणून सोडलं होतं. त्याने हेद्दाला बघितलं आणि ओठावरची चामखीळ तेवढी थरथरली.

"साक्रिस, या बाईला तुम्ही वचन दिलं होतं?" पाद्रीबाबांनी विचारलं.

"मी नाही. त्रिगने दिलं होतं."

"त्रिग तुम्हीच होतात ना?"

"होतो. आता नाही. सुटका झाली त्या दिवशी कोट दिला, बंदूक दिली, घर दिलं, नाव दिलं. कप्तानाने कागदावर लिहून घेतलं, बाकी काही नाही म्हणून. त्रिगने जे वचन दिलं ते त्रिगला विचारा." आणि त्याने थेट एलोफकडे बोट केलं.

पाद्रीबाबा क्षणभर खरंच विचारात पडले, हे मी शपथेवर सांगते. एलोफचा चेहरा पांढरा झाला.

हेद्दाने सुरी उचलली आणि टेबलावर अशी आपटली की शाईची दौत उडाली. "कोरलं कुणी?"

"त्रिगने."

"आणि हात कुणाचे होते?"

साक्रिस आपल्या हातांकडे बघत राहिला. "माझे," तो म्हणाला. "घर सोडावं लागलं, तुला कुठे आणणार होतो? बहिणीच्या पोटमाळ्यावर? त्रिगला घर होतं. मला नव्हतं."

हेद्दाने नाक पुसलं, सुरी शालीत गुंडाळली. "एवढंच ऐकायचं होतं. येऊन सांगितलं असतंस तर मी पोटमाळ्यावरही राहिले असते. आता नको. सुरी मात्र चांगली आहे, ती मी नेते."

ती उठली, तेव्हा स्तीनाने घसा साफ केला. "पाद्रीबाबा, एक राहिलं. बुधवारी मी ते पक्षी ओळखले होते. सुरी जुनी आहे, हेही मला कळलं होतं. एलोफचा काही दोष नाही हे ठाऊक असून मी गप्प बसले. ते लिहून घ्यायचं तर घ्या."

पाद्रीबाबांनी लिहून घेतलं नाही. एलोफने तिच्याकडे पाहिलं आणि पहिल्यांदाच "स्तीनाबाई" न म्हणता नुसतं "स्तीना" म्हणाला.

तिसरा पुकार दुसऱ्या दिवशी झाला. ब्रीता मान वळवून वळवून मागच्या बाकांकडे बघत होती, आणखी कोणी उठतंय का म्हणून. कोणी उठलं नाही. दहा मार्चला लग्न लागलं.

चौदा तारखेला, सगळा गाव बिऱ्हाडं हलवत असताना, एलोफ आपली लाकडी पेटी खांद्यावर घेऊन दाराशी आला. स्तीना उंबऱ्यात आडवी उभी.

"पेटी उघड."

"काय असणार त्यात? दोन सदरे, वस्तरा."

"उघड म्हणते ना."

त्याने उघडली. दोन सदरे, वस्तरा, एक चाकू. स्तीनाने चाकू उचलला. "हा कशाला?"

"पाव कापायला."

"कोरतोस तू? कुणाला काही दिलंयस कोरून? आत्ताच सांग."

"मला चमचासुद्धा कोरता येत नाही."

"हे तू आज म्हणतोयस."

तिने चुलीपाशी जाऊन बर्चचा एक ओंडका आणला आणि त्याच्या पुढ्यात टाकला. एलोफ पेटीवर बसला आणि कोरायला लागला. ब्रीता कुंपणापाशी, योन-पेत्तर रस्त्यात गाडी थांबवून, सगळे बघत होते. तासाभराने त्याने हात पुढे केला. ते जे काही होतं, त्याला दांडा कुठला आणि वाटी कुठली हे पाद्रीबाबांना विचारावं लागलं असतं. पेज त्यात राहिली नसती, आणि राहिली असती तर तोंडापर्यंत पोचली नसती.

स्तीनाने तो चमचा उजेडात धरला, फिरवून फिरवून सगळीकडून बघितला. मग बाजूला सरकली.

"ये आत," ती म्हणाली. "पाय झटकून ये."